डोंगराचा सात-बारा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी नाशिकच्या इंदिरानगरात राहतो. संध्याकाळी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी जी वाहनं एकमेकांना खेटून उभी असतात, त्यातली एक स्कूटर माझी. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. आधी साखळी आणि शंकू, मग प्लेन टेबल, शेवटी शेवटी मशीन. निवृत्त झालो तरी सवय जात नाही. कुठेही उभा राहिलो की डोळे आधी हद्दीचा दगड शोधतात.

हल्लीचीच गोष्ट सांगतो. आमच्या कॉलनीत एक मोकळी जागा आहे. ले-आउट पडला तेव्हा ‘ओपन स्पेस’ म्हणून सोडलेली. चार कडुनिंब, एक मोडकी घसरगुंडी आणि संध्याकाळी बायकांच्या गप्पांसाठी एक पार, एवढंच तिचं वैभव. एका सकाळी पाहतो तर तिच्या एका बाजूला खांब रोवलेले, तार ओढलेली. कोणी ओढली ते विचारलं तर कोणालाच माहीत नाही. संध्याकाळी पारावर सभा भरली. बराच आरडाओरडा झाल्यावर आमचे एक शेजारी म्हणाले, “एकदाची ही जागा सरकारच्या नावावर करून टाका. मग कोणाची टाप आहे हात लावायची!” सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मात्र गप्प बसलो. कारण माझ्या मनात दोन प्रश्न होते. कोणत्या सरकारच्या नावावर? आणि कोणत्या शर्तीवर?

आजचं बोलणं याच दोन प्रश्नांविषयी आहे. आपण ‘सरकारी जमीन’ असा शब्द सहज वापरतो, जणू सरकार नावाचा एकच मालक आहे. प्रत्यक्षात दप्तरात तसं नसतं. एका उताऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ असतं, दुसऱ्यावर ‘भारत सरकार, संरक्षण विभाग’, तिसऱ्यावर रेल्वे, चौथ्यावर महानगरपालिका. हे चार वेगळे मालक आहेत. आणि एका सरकारची जमीन दुसऱ्या सरकारला लोकांच्या उपयोगासाठी द्यायची म्हटलं, तर दोन परक्या माणसांच्या व्यवहारात लागतात तेवढेच, कधी कधी त्याहून जास्त कागद लागतात.

ही वाटणी कशी झाली? इंग्रज गेले तेव्हा मागे राहिलेल्या मालमत्तेचं काय करायचं, हे आपल्या राज्यघटनेच्या २९४व्या कलमात लिहून ठेवलं आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, जी मालमत्ता आधीच्या केंद्रीय सरकारच्या कामासाठी होती ती केंद्राकडे गेली; जी प्रांताच्या कामासाठी होती ती राज्याकडे आली. म्हणून लष्कराच्या छावण्या, रेल्वेच्या जमिनी, मोठी बंदरं केंद्राची. आणि गायरानं, नद्यांची पात्रं, पडीक माळ राज्याचे. जमीन हा विषयही घटनेनं राज्यांच्याच यादीत घातला आहे.

इथे एक गंमत आहे. ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटलं की ते केंद्राचं असेल असं आपल्याला वाटतं. ताडोबा असो की बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जमीन राज्याची आहे, राखणारं वनखातं राज्याचं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान जाहीर करण्याचा अधिकार मुख्यतः राज्याला दिलेला आहे. केंद्राला स्वतः तसं उद्यान जाहीर करायचं झालं, तर आधी राज्यानं ती जमीन केंद्राला भाड्यानं किंवा अन्य रीतीनं द्यावी लागते. म्हणजे नावात राष्ट्र आणि उताऱ्यावर राज्य.

अमेरिकेत हे उलटं आहे. तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांतली अफाट जमीन वॉशिंग्टनच्या, म्हणजे संघराज्याच्या मालकीची. म्हणून केंद्राची निसर्गभूमी राज्याला लोकांसाठी देण्याचा जुना आणि गाजलेला दाखला तिथलाच आहे. तो मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण आमच्या पारावरच्या सभेला त्याचं उत्तर लागू पडतं.

१८६४ साल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. अशा धामधुमीत ३० जून रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका छोट्या कायद्यावर सही केली. कॅलिफोर्नियातली योसेमिटी ही खोरं-कड्यांची जागा आणि तिच्या दक्षिणेकडची प्रचंड वृक्षांची मॅरिपोसा राई, या दोन्ही संघराज्यानं कॅलिफोर्निया राज्याला देऊन टाकल्या. विकल्या नाहीत, दिल्या. पण देताना शर्ती घातल्या. ही जागा लोकांच्या उपयोगासाठी आणि विसाव्यासाठीच राहील. ती कायमची अविक्रेय असेल, म्हणजे राज्याला ती कधीही दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. काही तुकडे भाडेपट्ट्यानं देता येतील, पण दहा वर्षांहून जास्त मुदतीनं नाही. आणि भाड्याचा पैसा त्या जागेच्या राखणीवर, सुधारणेवर किंवा तिथे जाणाऱ्या रस्त्यांवरच खर्च करायचा. कारभार राज्यपाल आणि आठ आयुक्तांनी पाहायचा. या कामाचा त्यांना पगार नाही.

मोजणीवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर हा कागद फार चांगला आहे. त्यात काय द्यायचं ते आहे, कशासाठी ते आहे, आणि काय करायचं नाही तेही आहे.

आता शर्त कागदावर असणं वेगळं आणि ती टिकणं वेगळं. लवकरच तिची परीक्षा झाली. जेम्स हचिंग्ज नावाचे एक गृहस्थ खोऱ्यात हॉटेल चालवत. त्यांनी आणि लॅमन नावाच्या दुसऱ्या एका रहिवाशानं सांगितलं, आम्ही आधीपासून इथे आहोत, आमची १६०-१६० एकर आम्हाला द्या. राज्य सरकारनं काय करावं? १८६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं चक्क त्यांच्या बाजूनं कायदा केला. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तरीही केला. म्हणजे ज्याच्या हाती राखण दिली तोच कुंपण काढायला निघाला. पण शर्त मुळात वॉशिंग्टननं घातलेली होती, तेव्हा ती सैल करायला वॉशिंग्टनची संमती हवी होती. ती मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८७२ मध्ये हचिंग्ज हरले. पुढे राज्यानं त्यांना भरपाई दिली, पण खोरं लोकांचं राहिलं.

पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. राज्याचा कारभार काही आदर्श नव्हता. तक्रारी वाढत गेल्या. १८९० मध्ये संघराज्यानं खोऱ्याच्या भोवतालच्या मुलखाचं राष्ट्रीय उद्यान केलं. म्हणजे मधलं खोरं राज्याचं आणि भोवतालची कडी केंद्राची, असा विचित्र नकाशा झाला. शेवटी कॅलिफोर्नियानं खोरं परत दिलं आणि १९०६ मध्ये ते संघराज्यानं स्वीकारलं. जागा दोनदा मालक बदलती झाली. उपयोग मात्र बदलला नाही. आणखी एक सांगतो. ‘लोकांसाठी’ या शब्दातल्या लोकांमध्ये त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मूळ रहिवासी धरले गेले नव्हते. त्यांच्यावर १८५१ मध्येच बंदुका चालून गेल्या होत्या. सार्वजनिक म्हणजे कोण, हा प्रश्न प्रत्येक कागदात आधी विचारावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, इंदिरानगरच्या जागेसाठी हा माणूस आम्हाला कॅलिफोर्नियात कशाला घेऊन गेला? तर घरी येऊ या. इंदिरानगरातून महामार्गानं मुंबईच्या दिशेला निघालं की थोड्याच वेळात डाव्या हाताला पांडवलेण्यांचा डोंगर येतो. आमच्याकडची निम्मी माणसं सकाळी तिथे पायऱ्या चढायला जातात. मीही जातो, पूर्वी न थांबता चढायचो, आता दोन ठिकाणी थांबतो.

या एका डोंगराचे मालक आणि राखणदार किती आहेत पाहा. वरची २४ लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. भोवतालचा उतार वनखात्याचा, म्हणजे राज्याचा. पायथ्याशी वनखात्याच्या जागेवरचं नेहरू वनोद्यान. त्याच्या शेजारी दादासाहेब फाळके स्मारक, ते नाशिक महानगरपालिकेचं. पायथ्यापासून लेण्यापर्यंत चढणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटांत तीन सरकारांच्या हद्दी ओलांडतो आणि त्याला घामाखेरीज काही जाणवत नाही.

त्यातही वनजमिनीचं प्रकरण वेगळंच आहे. जमीन राज्याची, पण राज्याला तिचा मनाजोगता उपयोग करता येत नाही. वन हा विषय पूर्वी फक्त राज्यांच्या यादीत होता. ४२व्या घटनादुरुस्तीनं, १९७६ मध्ये, तो केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत गेला. त्यानंतर १९८०चा वनसंवर्धन कायदा आला. तेव्हापासून वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे योसेमिटीसारखीच रचना झाली. कुलूप एकाच्या दारावर आणि किल्ली दुसऱ्याकडे. यामुळे कामं अडतात, फायली दिल्लीला जाऊन बसतात, हे मी नोकरीत पाहिलं आहे आणि चिडलोही आहे. पण दोन किल्ल्यांचं कुलूप उघडायला वेळ लागतो, हाच त्याचा उपयोग असतो. २०२३च्या दुरुस्तीनं या कायद्याचं नाव बदललं आणि सरकारी प्राणिसंग्रहालयं, सफारी आणि वन आराखड्यात धरलेल्या पर्यटनाच्या सोयी यांना ‘वनेतर’च्या यादीतून वगळलं. म्हणजे एक किल्ली थोडी सैल झाली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आणि २०२४च्या फेब्रुवारीत न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की प्राणिसंग्रहालय किंवा सफारी करायची तर आमची मान्यता घ्या.

पण पांडवलेण्यांवर मी तुम्हाला कायद्यासाठी नेत नव्हतो. नेत होतो ते तीन क्रमांकाच्या लेण्यासाठी. त्याच्या ओसरीत भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख कोरलेले आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीचे. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी ते वाचून मराठीत आणले, म्हणून माझ्यासारख्याला कळले. पहिल्यांदा त्यांचा अर्थ वाचला तेव्हा मी थक्क झालो. कारण तो चक्क फेरफाराचा आदेश आहे.

राजाच्या कारकिर्दीचं १८वं वर्ष. राजा गोवर्धनच्या, म्हणजे आपल्या नाशिक परिसरातल्या अधिकाऱ्याला लिहितो. अधिकाऱ्याचं नाव विष्णुपालित. आशय असा: पश्चिम काखडी गावातलं २०० निवर्तनांचं शेत, जे आजवर ऋषभदत्ताकडे होतं, ते आम्ही या डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. ऋषभदत्त म्हणजे ज्याला आपण उषवदात म्हणतो तो, क्षत्रप नहपानाचा जावई. गौतमीपुत्रानं नहपानाचा पराभव केला होता. म्हणजे आधीचा धारक कोण, नवा धारक कोण, गाव कोणतं, क्षेत्र किती, सगळं आलं. आमच्या खात्याच्या नमुन्यात आणखी काय असतं?

आणि पुढे शर्ती. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही. त्याला हात लावायचा नाही. तिथे मिठासाठी खणायचं नाही. जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात ढवळाढवळ करायची नाही. थोडक्यात, देणाऱ्यानं स्वतःचेच हात बांधून घेतले आहेत. मग शेवटी अधिकाऱ्याला सांगितलं आहे की या शेताची आणि या सवलतींची इथे नोंद करून घे. शेताची तर झालीच, पण सवलतींचीही! ती ओळ समजली तेव्हा मला त्या लेण्यात उभं राहून कोणाचा तरी हात हातात घ्यावासा वाटला. आजूबाजूला फोटो काढणारी कॉलेजची मुलं होती, म्हणून राहिलो.

खरी गोष्ट तर पुढच्या लेखात आहे. वर्ष २४वं, म्हणजे सहा वर्षांनी. आता आदेश राजा आणि राजमाता दोघांच्या नावे आहे. अधिकारी बदलला आहे, त्याचं नाव सामक. आशय असा: आम्ही पूर्वी काखडी गावातलं शेत भिक्षूंना दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही आणि त्या गावात वस्तीही नाही. म्हणून इथे नगराच्या सीमेवर आमचं जे राजकीय शेत आहे, त्यातली १०० निवर्तनं भिक्षूंना दे. शर्ती आणि सवलती पुन्हा त्याच.

पाहा, दान देऊन झालं होतं, दगडावर कोरून झालं होतं. तेवढ्यावर राजाचं काम संपलं असतं. पण ज्याच्यासाठी दिलं तो उपयोग होतो आहे का, हे कोणीतरी जाऊन पाहिलं, होत नाही असं वर कळवलं, आणि वरून दुरुस्ती आली. निम्मीच जमीन मिळाली, हे खरं. पण ओसाड गावातल्या दोनशेपेक्षा नगराच्या वेशीवरची कसती शंभर भिक्षूंना बरी वाटली असावी, असा माझा आपला अंदाज. आणि ही चूक लपवली नाही. तीही कोरून ठेवली.

त्याच डोंगरावर दहा क्रमांकाच्या लेण्यात खुद्द उषवदाताचे लेख आहेत. त्यानं भिक्षूंच्या अन्नासाठी एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेऊन दिलं. विकणाऱ्याचं नाव, ते शेत त्याच्या वडिलांचं होतं हे, आणि नगराच्या कोणत्या बाजूच्या सीमेवर होतं हेसुद्धा लिहिलं आहे. शिवाय ३००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दरानं. शर्त अशी की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहिला. गुपचूप काही नाही.

मला ठाऊक आहे, ही दानं भिक्षुसंघासाठी होती, आजच्या अर्थानं सार्वजनिक बागेसाठी नव्हती. तेव्हाच्या सगळ्या लोकांना त्या जमिनीवर जाता येत होतं असंही नाही. पण राज्यसत्तेनं स्वतःची जमीन एका ठरावीक उपयोगासाठी कायमची कशी सोडावी, याचा वस्तुपाठ आमच्या घरापासून स्कूटरच्या एका फेरीवर आहे, आणि आम्ही तो व्यायाम म्हणून ओलांडून जातो.

आता आजच्या महाराष्ट्राकडे. केंद्राची जमीन राज्याला लोकांसाठी मिळाल्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे दादरची इंदू मिल. चैत्यभूमीलगतची ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे केंद्राच्या कंपनीकडे होती. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक व्हावं ही लोकांची मागणी. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्रानं सुमारे साडेबारा एकरांची ही जागा द्यायचं जाहीर केलं. जाहीर झालं म्हणजे मिळाली असं आपण समजतो. पण केंद्र, राज्य आणि महामंडळ यांचा त्रिपक्षीय करार व्हायला एप्रिल २०१५ उजाडला, पायाभरणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली, आणि जमिनीचा ताबा राज्याला मिळाला तो २०१७ मध्ये. घोषणेपासून ताब्यापर्यंत चार वर्षं. आमच्या धंद्यात म्हणतात, हुकूम वेगळा आणि ताबा पावती वेगळी.

दुसरं उदाहरण आमच्या शेजारचं आहे, देवळालीचं. कॅन्टोन्मेंट म्हणजे केंद्राच्या अंमलातलं गाव. आता देशभरच्या छावण्यांमधला नागरी वस्तीचा भाग काढून शेजारच्या नगरपालिका-महापालिकांना जोडायचं धोरण आहे. हिमाचलातल्या योल छावणीपासून २०२३ मध्ये सुरुवात झाली. २०२४ मध्ये ज्या छावण्यांसाठी मसुदा अधिसूचना निघाल्या, त्यांत देवळालीही होती. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नागरी सोयींच्या मालमत्ता राज्याला किंवा स्थानिक संस्थेला विनामूल्य द्यायच्या, पण जिथे लागू असेल तिथे जमिनीची मालकी केंद्राकडेच ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पण छावणीतली एखादी बाग डोळ्यांसमोर आणा. उद्या ती बाग सांभाळणारा एक, जमिनीचा मालक दुसरा. बाग मोडून तिथे काही बांधायचं कोणी ठरवलं, तर नाही म्हणायचा अधिकार नेमका कोणाचा? देवळालीकरांनी हस्तांतराचा प्रत्येक कागद बागेगणिक, मैदानागणिक वाचून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. ‘इतर मालमत्ता’ अशा एका ओळीत मैदानं गुंडाळली गेली की ती पुन्हा सापडत नाहीत.

तिसरा विषय किल्ल्यांचा, आणि इथे पणाला लागलेलं पुष्कळ आहे. महाराष्ट्रात काही किल्ले केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, काही राज्याच्या. २०२५ मध्ये राज्याचे सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी केंद्राकडचे ५४ किल्ले राज्याकडे सोपवावेत अशी मागणी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. त्यांत दोन्ही प्रकारचे किल्ले आहेत. रायगड, शिवनेरी केंद्राकडचे. आमच्या नाशिक जिल्ह्यातला बागलाणचा साल्हेर राज्याकडचा. साल्हेरला केंद्राची मुद्रा नसल्यानं त्याचं महत्त्व काही कमी ठरलं नाही. तेव्हा राज्याला किल्ले राखता येणार नाहीत, असं मी म्हणणार नाही. आपल्या माणसांना आपल्या गडाबद्दल आस्था जास्त, हेही खरं. रायगडावर तर मालकी न बदलता राज्याचं प्राधिकरण आणि केंद्राचं पुरातत्त्व खातं बरोबरीनं काम करतात.

पण मोजणीवाला म्हणून मी एकच विचारीन. केंद्राच्या १९५८च्या कायद्याप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट आहे. पुष्कळांना ती जाचक वाटते. पायथ्याच्या गावात घराची भिंत दुरुस्त करायलाही कागद लागतात. पण ही अट ‘राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक’ या शिक्क्याला चिकटलेली आहे. शिक्का निघाला की अटही निघाली. राज्याचा स्वतःचा १९६०चा कायदा आहे. तेव्हा किल्ला देताना ते शंभर आणि दोनशे मीटर बरोबर येणार का, की मागेच राहणार? सभेत टाळ्या मिळतात त्या ‘आमचा किल्ला आम्हाला द्या’ या वाक्याला. पायथ्याचा गट नंबर कोणी विचारत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत आपल्या बाजूनं एक मोठं तत्त्व ठेवलं आहे. १९९६च्या डिसेंबरमध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या वनजमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नद्या, वनं, किनारे यांचं सरकार हे विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. त्याआधी १९९१ मध्ये बंगळूरच्या एका ले-आउटमधली बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, ती न्यायालयानं रद्द केली होती. रुग्णालय काही वाईट गोष्ट नव्हे. पण बाग म्हणून सोडलेली जागा बागच राहायला हवी. मात्र लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी कोणीतरी कागद घेऊन न्यायालयापर्यंत गेलं होतं. आपण होऊन काही झालं नव्हतं.

तर पुन्हा आमच्या पारावर. मी सभेत हे सगळं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर लोक उठून गेले असते. एवढंच म्हणालो की नाव कोणाचं लावायचं ते नंतर पाहू, आधी मंजूर ले-आउटचा नकाशा काढू. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तीन महिन्यांनी प्रत मिळाली. नकाशावर आमची जागा हिरव्या रंगात आहे आणि सोबतच्या मंजुरीच्या आदेशात सातव्या अटीत स्पष्ट लिहिलं आहे की ही जागा खुली ठेवायची, तिच्यावर बांधकाम करायचं नाही, तिची विक्री करायची नाही. पण उताऱ्यावर अजूनही मूळ जमीनमालकाचं नाव आहे आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात या अटीचं नाव-निशाण नाही. विकत घेणारा उतारा पाहतो, नकाशा पाहत नाही. तार ओढणाऱ्याचं धाडस तिथून आलं होतं.

आता आमचा अर्ज मालकी बदलण्याचा नाही. ती बदलायची तेव्हा बदलेल. सातवी अट ‘इतर हक्क’मध्ये चढवा, एवढीच मागणी आहे; म्हणजे उद्या नाव महापालिकेचं लागो की आणखी कोणाचं, अट उताऱ्याबरोबर चालत राहील आणि कोणी मोडली तर ‘शर्तभंग’ हा शब्द वापरता येईल. आमचे ते शेजारी अजून म्हणतात की याला फार वेळ लागतो, सरळ सरकारच्या नावावर करा. त्यांना एका रविवारी तीन नंबरच्या लेण्यात घेऊन गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे राजालासुद्धा सहा वर्षं लागली होती तर.”

तार सध्या निघाली आहे, खांब तसेच आहेत. आमच्या अर्जावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मी नकाशाची प्रत घेऊन जाणार आहे, सातव्या अटीखाली पेन्सिलीनं रेघ मारून.